काचेची पाठवणी

काच तरंगते, असं मला सोलापुरात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्या शेडमध्ये काच पडते, फुटते आणि बोटात घुसते, एवढंच तिचं मला माहीत होतं. पण चेन्नईच्या बाहेर त्या कारखान्यात मी काच तरंगताना पाहिली. पाण्यावर नव्हे, वितळलेल्या कथलावर! आपल्या लहानपणी कल्हईवाला यायचा, भांड्याला कथील फासायचा, तेच कथील. त्याचं तळंच्या तळं, आणि त्यावरून साईसारखी सरकत चाललेली लालभडक काच.

परत आल्यापासून शेडमधल्या बायका जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधीच म्हणतात, "शोभा, परत सांग की." सांगून सांगून घसा बसला. म्हणून आता लिहूनच काढते. शाळा माझी सातवीत सुटली, तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी आमच्याविषयी. अक्कलकोट रोडला बसवराज अण्णांची पत्र्याची शेड आहे. काच कापणाऱ्या दुकानांतले तुकडे, पाडलेल्या घरांच्या खिडक्या, सगळी मोडकी काच तिथं येते आणि आम्ही बायका ती निवडतो. पांढरी एकीकडे, रंगीत एकीकडे, आरसा वेगळा. त्याआधी आमच्यातल्या बहुतेक जणी घरी विड्या वळायच्या. मान मोडून, तंबाखूचा खकाणा नाकात घेऊन. शेडमध्ये उभं राहून काम करता येतं, हसता येतं, हे आम्हाला लई मोठं वाटतं.

चेन्नईहून नवी काच घेऊन सोलापूरला ट्रक येतात आणि रिकामे परत जातात. अण्णांनी कारखान्याला विचारलं, रिकामा ट्रक नेण्यापेक्षा आमची तुटकी काच न्या की. कारखान्याने सांगितलं, एक ट्रक पाठवून बघा. आमच्या तपासणीत उतरला तर पुढं प्रत्येक परतीचा ट्रक तुमचा. आणि जी बाई काच निवडते तिलाच सोबत पाठवा, म्हणजे इथं काय लागतं ते तिच्या डोळ्यांनी बघेल.

"आणि नाही उतरला तर?" मी विचारलं.

अण्णा खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "मग शेड चालवण्यात अर्थ नाही, शोभाताई."

मला थोडंफार हिंदी येतं, म्हणून सगळ्यांनी माझं नाव पुढं केलं. ट्रक निघायच्या दिवशी लक्ष्मीआत्या, आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या, खण-नारळ घेऊनच आल्या. "लेक सासरी निघाली. मोकळी कशी पाठवायची?" पोतं भरायच्या आधी त्यांनी तळाशी ओटी ठेवली. खणात बांधलेले तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि एक स्टीलची वाटी, कारण लेकीबरोबर भांडं देतात. मी हात जोडले आणि तिकिटाच्या गडबडीत स्टेशनाकडे पळाले. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी नव्हती ठेवली.

आवडी

एकटीने एवढा लांबचा प्रवास मी कधी केला नव्हता. अण्णांनी लिहून दिलेला पत्ता मी पोलक्यात, पर्समध्ये आणि भाकरीच्या डब्याच्या झाकणाखाली, असा सगळीकडे ठेवला होता. एक हरवला तर दुसरा, दुसरा हरवला तर तिसरा. डब्यातल्या पत्त्याला शेंगाचटणीचं तेल लागलं, तेवढंच नुकसान.

चेन्नई सेंट्रलला मला घ्यायला कारखान्याच्या कच्च्या मालाच्या ऑफिसातले रामचंद्र राव आले होते. गोल चष्मा, कपाळाला गंध. मी हिंदीची वाक्यं घोकत उतरले, तर समोरून ऐकू आलं, "शोभाबाई तुम्हीच कीं नाही? या. प्रवासांत त्रास नाहीं ना झाला?"

मराठी! मी स्टेशनातच रडायची बाकी राहिले.

रावसाहेबांचं घराणं तंजावरकडचं. पिढ्यान् पिढ्या तिकडेच. घर चेन्नईजवळच्या आवडी गावात, कारण त्यांचे वडील तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला होते. गंमत म्हणजे माझी गाडी त्या आवडीवरूनच धडधडत आली होती. आता लोकलने मला परत तिथंच जायचं होतं. "आधी सांगितलं असतं तर उडी मारली असती," मी म्हणाले. त्यांना विनोद कळायला अर्धं मिनिट लागलं, पण मग लोकलमध्ये पुढची दोन स्टेशनं जाईपर्यंत हसत होते.

दारात त्यांची आई उभी होती. सगळे त्यांना अम्मा म्हणतात, मीही म्हटलं. "ये गे, आंत ये. उन्हांत कां उभी? आमची मराठी ऐकून हसूं नको हो."

त्यांची मराठी मला पोथी वाचल्यासारखी वाटली, पण चाल तमिळ. वाक्य शेवटाला जाऊन झोका घेतं. मधेच "सरी, सरी" म्हणतात, म्हणजे बरं, बरं. रावसाहेब म्हणाले, "घरांत मराठी, रस्त्यांत तमिळ, ऑफिसांत इंग्रजी. स्वप्न कुठल्या भाषेंत पडतें, तें मात्र ठाऊक नाहीं."

जेवायला केळीचं पान. मी भाकरीची बाई. भाताचा डोंगर पाहूनच पोट भरलं. वरून आंबट वरण. आपण ज्याला सांबार म्हणतो त्याला त्या घरात आंबट वरणच म्हणतात, आणि ते आपल्या लोकांनीच तंजावरला पहिल्यांदा केलं असं अम्मा ठासून सांगतात. मी तो डोंगर कसाबसा संपवला, पान मिटलं आणि उठले.

"अय्यो! काय केलंस गे? रसम राहिला, ताकभात राहिला!"

मला काय माहीत, तिथं भात तीनदा घेतात. मिटलेलं पान उघडून मला परत बसवलं. मी ओशाळून शेंगाचटणी पुढं केली. अम्मांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर तिळाचं तेल ओतून इडलीबरोबर अशी खाल्ली जशी त्यांच्याच घरची होती. कडक भाकरी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी वाजवून पाहिली आणि विचारलं, "ही खायाची कीं छपराला लावायाची?"

परक्या गावात पहिल्याच दिवशी कुणी आपली चेष्टा करावी, याच्यासारखा दिलासा नाही. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

भट्टी

कंपनीच्या बसने आम्ही कारखान्यात गेलो. तिथं साडी चालत नाही, म्हणून मला पँट, शर्ट, जाड बूट, हेल्मेट, चष्मा आणि काच कापणार नाही असे हातमोजे दिले. जन्मात पहिल्यांदा पँट घातली. पाय कुठं ठेवावेत तेच कळेना. रावसाहेबांनी फोटो काढून शेडला पाठवला. लगेच आत्यांचा फोन. "फोटोतला तो बाप्या कोण गं? आणि तू कुठं गेलीस?"

कारखाना दाखवायला शंकरन सर आले. तपासणीचे मुख्य. सडपातळ माणूस, एका वाक्यात सांगता येईल ते दोन वाक्यांत सांगत नाहीत. ते तमिळमध्ये बोलायचे, रावसाहेब मला मराठीत सांगायचे. माल पास की नापास हे तेच ठरवतात, असं रावसाहेबांनी कानात सांगितलं आणि माझे हात मोज्यांच्या आत गार पडले.

पण पुढं जे दिसलं त्याने भीती पळाली! आधी वाळूचे ढीग, रव्यासारखी बारीक पांढरी वाळू. तिच्यात सोडा, चुनखडी आणि तुटकी काच मिसळते आणि सगळं पट्ट्यावरून भट्टीत जातं. काळ्या काचेच्या तुकड्यातून मला भट्टीच्या आत बघू दिलं. आत ज्वाळा या भिंतीकडून त्या भिंतीकडे जातात आणि खाली काच पाकासारखी उकळते. ही भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. पोंगल असो, दिवाळी असो.

"आणि पूर आला तर?" मी विचारलं. चेन्नईच्या पुराचं टीव्हीवर पाहिलं होतं.

"तेव्हाही," शंकरन सर म्हणाले. "माणसं घरी जातात. ती जात नाही."

भट्टीतून काच कथलाच्या तळ्यावर येते. छोट्या झरोक्यातून दिसते. तिला कुणी लाटत नाही, घासत नाही. जड कथील खाली, हलकी काच वर, आपली आपण सपाट होते. पुढं एका लांबच लांब बोगद्यात ती सावकाश गार करतात, घाईने गार केली तर तडकते. बोगद्याच्या तोंडातून ती बाहेर आली तेव्हा मी तोंडावर हात ठेवला. एवढी रुंद, एवढी स्वच्छ, न थांबता येतच राहिलेली काच! खालचे रूळ फिरताना दिसले नसते तर तिथं काही आहे असं वाटलंच नसतं. आम्ही आयुष्यभर तिची मढी गोळा केली. जन्मताना ती अशी दिसते!

तिच्या दोन्ही कडा कापून पडतात आणि पट्ट्यावरून परत भट्टीकडे जातात. मी रावसाहेबांना म्हणाले, "करंजी कातली की कडेचं पीठ परत गोळ्यात, तसं." त्यांनी ते सरांना सांगितलं. सरांनी करंजी म्हणजे काय ते विचारून घेतलं. तेव्हा पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी सांगितलं की वाळूपेक्षा तुटकी काच लवकर वितळते. ती जितकी जास्त घालावी तितका गॅस कमी जळतो, धूर कमी होतो, डोंगरातली वाळू वाचते. भट्टीची गरम हवासुद्धा वाया घालवत नाहीत, तिच्यावर वाफ करतात. छपरावर सूर्याच्या पाट्या. पावसाचं पाणी एका तळ्यात साठवलेलं, त्यात बगळे उभे, आणि कारखान्यात वापरलेलं पाणी साफ करून पुन्हा वापरतात. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्या दिवशी सण असतो. मी त्या तळ्याकडे नुसती बघत राहिले.

"म्हणून तुमची काच आम्हाला पाहिजे," सर म्हणाले. "पण चांगली पाहिजे."

तुटक्या काचेचं अंगण

कारखान्याच्या मागं सिमेंटचं मोठं अंगण आहे. तिथं गावोगावची तुटकी काच येते. पांढऱ्या, हिरव्या, निळसर डोंगरांवर ऊन पडलं की डोळे दिपतात. तिथल्या बायकांची मुकादम सेल्वी. माझ्याच वयाची, कानात मोठ्या कुड्या, हेल्मेटमधून डोकावणारा मोगऱ्याचा गजरा. माझ्याकडे बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "सापटाच्चा?" जेवलीस का? हे मला आदल्या दिवशीच कळलेलं. मी मान हलवली. तिने माझा हात धरला तो पुढं सोडलाच नाही. आमचा ट्रक तिथं उभा होता, आमची माणूसभर उंचीची पोती घेऊन. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

शंकरन सरांनी खिशातून एक डबी काढली. आत काचेचा तुकडा, आणि त्यात मोहरीहून बारीक ठिपका.

"हा काय आहे, ओळखा."

मला नाही आलं.

"निकेल. स्टेनलेस स्टीलमध्ये असतं. चमचा, बोल्ट, काहीही भट्टीत गेलं तर असा ठिपका तयार होतो. बाहेरून काच उत्तम दिसते. तिची टफन ग्लास, म्हणजे तापवून कडक केलेली काच, करतात, उंच इमारतीला लावतात. आणि मग एखाद्या दिवशी, कुणी हात न लावता, ती फुटते."

सेल्वीने पट्ट्यावरचं लोहचुंबक दाखवलं. काचेतला खिळा टुणकन उडी मारून त्याला चिकटला. मग तिने स्वतःच्या डब्यातला चमचा काढून चुंबकाला लावला. चमचा घसरून खाली पडला. "एव्हरसिल्वर," ती म्हणाली. तिकडे स्टीलला एव्हरसिल्वर म्हणतात.

चुंबक पकडत नाही. एव्हरसिल्वर. आणि माझ्या डोळ्यांसमोर आत्यांची वाटी आली.

खरं सांगते, एक क्षण वाटलं गप्प राहावं. एवढ्या मोठ्या भट्टीत एका वाटीचं काय? पण आमच्या शेडमागं नवी काचेची इमारत झाली आहे. तिच्या सावलीला भाजीवाल्या बसतात. माझी चुलत जाऊ तिथंच मेथी विकते.

"सर," मी म्हणाले, "माझ्या ट्रकात एक वाटी आहे."

रावसाहेबांनी सांगितलं. सरांनी डबी बंद केली. "कुठल्या पोत्यात?"

मी तिथूनच आत्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"आत्या, ओटीतली वाटी कुठल्या पोत्यात आहे?"

"कुठल्या म्हंजे? सगळ्यात की."

"सगळ्यात?"

"मी माझ्या पोत्यात घातली, तर रुक्मिणी म्हणाली, माझ्या पोत्यानं काय घोडं मारलंय? मग सगळ्या पळत घरी गेल्या, आपापली ओटी घेऊन आल्या. तू स्टेशनात गेलतीस तवा."

"अगं आत्या!"

"का गं? कमी पडल्या का?"

रावसाहेबांना हे तमिळमध्ये सांगताना चष्मा पुसावा लागला. सेल्वी खो खो हसली. शंकरन सर हसले नाहीत. म्हणाले, "नियम आहे. ट्रक परत."

मी काय बोलले ते आता आठवत नाही. शेडचं बोलले, विड्यांचं बोलले, मराठीत की हिंदीत कोण जाणे. मग सेल्वी पुढं झाली आणि सरांशी भांडल्यासारखी भरभर बोलू लागली. रावसाहेब मला हळूच सांगत होते. "ती म्हणते, ही भेसळ नव्हे. हें सीर आहे. आमच्याकडेही मुलीबरोबर भांडीं देतात, त्यांस सीर म्हणतात. या बायांनी काचेला मुलगी समजून पाठविली, तिला चोर कां म्हणतां?"

"भट्टीला सीर नको," सर म्हणाले. पण घड्याळाकडे बघून थांबले. "उद्या दुपारपर्यंत ट्रक इथं उभा राहील. जितकी पोती, तितक्या वाट्या माझ्या टेबलावर पाहिजेत. एक जरी कमी असली, तर सगळा ट्रक परत. काच आणि वाट्या, दोन्ही."

मग जे सुरू झालं त्याला मी जत्राच म्हणेन! क्रेनने पोतं उचलायचं, तळ कापायचा, आणि ओटी तळाशी म्हणून काचेआधी तीच धपकन खाली. हिरवा खण, लाल खण, जांभळा खण. काहींच्या गाठी वाटेतच सुटलेल्या, तिथं सेल्वीच्या बायका काच पातळ पसरून दाताळ्याने शोधायच्या. वाटी सापडली की ओरडायच्या. तांदूळ-सुपारी एका घमेल्यात, नारळ एका रांगेत. "नारळ जळून जाईल ना, सर?" मी विचारलं. "जळेल, पण काचेचा रंग बिघडवेल. तोही नको."

आणि वाट्यांवर नावं! आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, कुणी दिलं, कुणाला दिलं. तिकडेही घालतात. सेल्वी प्रत्येक वाटीच्या कडेवरून बोट फिरवायची आणि माझ्याकडून वाचून घ्यायची. ही आत्यांची, भावाने दिलेली. ही शांताबाईची, लग्नातली. ही महादेवीची, तिच्या आईचं नाव. शेडमधल्या बायका एकेक करत त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्यासारखं झालं. चार दिवस घर सोडून झाले होते. तिथं मला पहिल्यांदा एकटं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोती रिकामी झाली. सगळ्या वाट्या मिळाल्या. फक्त रुक्मिणीची नाही. तिच्या पोत्यातला खण होता, नारळ होता, तांदूळ सांडलेले होते. वाटी नाही.

फोन लावला. मागं सगळ्या बायकांचा गलका.

"घातली म्हणाले ना!" रुक्मिणी कडाडली. "नीट बघा. आंधळ्यागत बघालात काय?"

पुन्हा बघितलं. सेल्वी गुडघ्यावर बसली, मी बसले. ऊन वर आलं. ट्रकवाला मुरुगन परतीच्या तयारीने दोरखंड गोळा करायला लागला. त्या घाईत फोन वाजला. रुक्मिणीच. मागं गलका नव्हता.

"शोभा, स्पीकर बंद कर."

"केला."

"घातलीच नाही गं मी."

मी ट्रकच्या आडोशाला गेले.

"घरात दोनच आहेत. एक सासूच्या औषधाला लागते, एक आमटीला. सगळ्या पळत सुटल्या, तशी मी पण पळाले. पोत्याचं आधी मीच बोलले होते ना? खण बांधला, पोत्यात ठेवला, मग वाटी ठेवल्यासारखा मोकळाच हात आत घातला आणि बाहेर काढला." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या सरांना सांग. माझ्यापायी ट्रक नको परत यायला. आत्यांना मी सांगते, माझं मी."

रावसाहेबांनी ते सरांना सांगितलं, शब्दाला शब्द, खालच्या आवाजात. मला वाटलं, आता सर म्हणणार पुरावा काय. त्यांनी टेबलावरच्या वाट्या पुन्हा एकदा मोजल्या.

"घातली नसताना घातली, असं कुणीही सांगेल," ते म्हणाले. "पण माझ्या घरी द्यायला वाटी नव्हती, हे खोटं कुठली बाई सांगेल?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण सर ते सरच. पुढं लगेच म्हणाले, "तरी त्या पोत्याची काच पुन्हा हाताने चाळा. सगळी."

चाळली! मुठी मुठीने चाळली. स्वच्छ निघाली. मग त्यांनी सगळ्या मालातून नमुने घेतले, दगड बघितला, चिनीमाती बघितली, रंगीत तुकडा बघितला. सेल्वी माझा हात धरून उभी होती आणि तिच्याही हाताला घाम होता. सरांनी मान वर केली आणि तमिळमध्ये एकच शब्द बोलले. मला कळायच्या आत सेल्वीने मला उचललं. हो, उचललं, जाड बुटांसकट!

आमची काच पट्ट्यावर चढली तेव्हा मी तिथंच होते. सोलापूरच्या खिडक्या, कुणाच्या कपाटाचं दार, कुणाच्या देवघराची काच, सगळं खळखळत वर चाललं. शेवटचं पोतं रुक्मिणीचं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी लेक पाठवा. सीर नको." मी म्हणाले, "सर, तिचं सासर लई कडक आहे." रावसाहेबांनी हे सांगितलं की नाही ठाऊक नाही, पण सर हसले. दुसऱ्यांदा.

परत

निघायच्या सकाळी सेल्वी अम्मांच्या दारात आली. कामाच्या कपड्यांत नाही, पट्टुपुडव्यात, म्हणजे रेशमी साडीत. तिने मला कुंकू लावलं, विड्याची पानं दिली, आणि एक नवी कोरी वाटी. कडेला तमिळ अक्षरांत काहीतरी कोरलेलं.

"हें तुमच्यासाठी नव्हे," रावसाहेब म्हणाले. "त्या बाईसाठीं आहे. नांव बाजारांत घालून आणलें तिने."

अम्मांनी ताकभाताचा डबा बांधून दिला आणि म्हणाल्या, "पुन्हां ये गे. पण पान मिटायच्या आधीं विचारीत जा."

शेडमध्ये आल्यावर मी वाट्या जिच्या तिच्या हातात दिल्या. रुक्मिणीने आत्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. आत्यांनी तिला दोन शिव्या दिल्या म्हणे आणि मग मिठी मारून रडल्या. हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "लिही. आता काय लपवायचंय?"

नवी वाटी तिने उलटीसुलटी करून पाहिली. "काय लिहिलंय यावर?"

"तुझं नाव."

"कुणी दिली?"

"तिकडच्या एका बाईनं. तू वाटी घातली नाहीस म्हणून."

ती ते अक्षर बोटाने घासत बसली. आम्हाला कुणालाच ते वाचता येत नाही, पण आता आम्हा सगळ्यांना ते ओळखू येतं.

काल दुसरा ट्रक निघाला. ओटीशिवाय लेक पाठवायला आत्या तयार होईनात, तेव्हा ठरलं की ओटी मुरुगनला द्यायची. नारळ, तांदूळ, खण, सगळ्यांचं मिळून. "मला खण कशाला?" तो हिंदीत म्हणाला. आत्या म्हणाल्या, "बायकोला ने. आणि सांभाळून चालव, आमच्या लेकी आहेत मागं."

क्रेनची साखळी लागली. रुक्मिणी तिच्या पोत्यावर थाप मारून मला म्हणाली, "तुझ्या सरांना फोन लाव. म्हणावं, याही खेपेला माझा हात मोकळाच होता." आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.